अकरावा मांडा

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

आज दुपारी कानात मीच मला ऐकू आले आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाही.

आमच्या फिल्मसाठी चुलीवर मांडे करणाऱ्या मोठ्या मायचं बोलणं कापत बसले होते. नको तो तुकडा काढून पुढचा ओढून घेतला, की मध्ये जी फट राहते तिथं आवाज एकदम शून्यावर जातो. पऱ्हाट्यांचा तडतडाट, तिचं बोलणं, मग काहीच नाही, मग पुन्हा तडतडाट. घरातलं कुणी अचानक गेल्यासारखं वाटतं. सरांनी सांगितलं होतं, शूटिंग आटोपलं की त्याच जागी सगळ्यांनी तीस सेकंद गप्प बसायचं आणि नुसती जागा रेकॉर्ड करायची. रूम टोन. वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्यात मी. केलं मात्र कुणीच नाही.

म्हणून कच्च्या क्लिपांमधून शांततेचा एखादा तुकडा मिळतो का, ते शोधत गेले. जिथं मोठी माय गप्प आहे, तिथं मी आहे. “थांब.” “कॅमेऱ्याकडे बघू नको ना.” “पुन्हा एकदा.” आणि सातव्या मांड्याला, ती मांडा हातावर झेलता झेलता काहीतरी सांगायला लागते तेव्हा, “अगं गप ना जरा!”

ते “गप ना” मी चार वेळा लावून ऐकलं. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो म्हणून वायरचे इअरफोन लावून बसले होते, त्यामुळे अगदी स्वच्छ ऐकू आलं.

माझ्याच वाट्याला का आलं हे सगळं? लॅपटॉप तुझ्याकडे आहे ना, मग एडिटिंग तू कर, म्हणून चौघं मोकळे. तो लॅपटॉप फोर-के व्हिडिओचं नाव काढलं तरी धापा टाकतो. रात्रभर बसून प्रत्येक क्लिपची हलकी प्रत काढली, तेव्हा कुठे टाइमलाइन सरकायला लागली. फोन दर सेकंदाला फ्रेम कमी-जास्त घेतो, हे तर मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीतही नव्हतं. लांब क्लिपच्या शेवटी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. सगळं सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशोबात बदलून घेतलं, आवाजाच्या रेघेत टाळीचं टोक शोधून आवाज जुळवला. आणि श्रेयनामावलीत दिग्दर्शक चार.

असो. ते “गप ना” काही चौघांपैकी कुणाचं नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीची दुपार होती, आणि मोठी माय चुलीपुढे. एक टेक म्हणजे एक मांडा. पाण्याचा हात लावून पीठ मळायचं, पुरण भरायचं, मग दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचं आणि उपड्या खापरावर टाकायचं. आम्हाला कधी फोकस मिळायचा नाही, कधी मागून मोटरसायकल जायची. वाइडमध्ये टोपलीत तीन मांडे, क्लोजअपमध्ये एक, म्हणून पुन्हा. पाचव्याला फोन तापून बंद पडला. मग आम्ही पाचही जण त्या फोनभोवती. त्याला सावलीत नेलं, माठाजवळ ठेवलं, वहीनं वारा घातला.

तिला पाणी कुणी विचारलं, ते फुटेजमध्ये सापडत नाही.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघायला नेलं होतं, तेव्हा मला वाटलं होतं असंच काम करावं. टेबलावर वस्तू मांडून देखावा उभा करायचा आणि मनासारखा होईपर्यंत हलवत राहायचं. आता वाटतं, टेबलावरच्या वस्तूंना ऊन लागत नाही. शिवाय फोटोला आवाज नसतो, मागे कोण काय बोललं ते कळत नाही. (हे सरांसमोर बोलायचं नाही.)

सातवा मांडा पुन्हा लावला. या वेळी माझा आवाज खाली घेऊन तिचा वर आणला. “माय, खापर—” एवढंच आहे. क्लोजअप मोठा करून पाहिला. खापरावर कडेपासून आत येणारी एक बारीक रेघ. हाच शॉट दाखवून मी ग्रुपवर लिहिलं होतं, काय टेक्श्चर आलंय बघा. त्या तडकलेल्या खापरावर तिनं पुढचे चार मांडे केले. अकरावा आम्ही फिल्ममध्ये घेतलाय.

संध्याकाळी गेले. म्हटलं, चूल पेटव, पण काही करू नको, नुसती बस, तीस सेकंद बोलायचं नाही. सांगताना माझंच मला कसंतरी झालं. तिनं काही विचारलं नाही, पदर तोंडाशी धरून बसली. बाराव्या सेकंदाला शेजारचा कुकर वाजला. मी हलले, ती नाही. खापर भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, तिकडे बघायचं टाळलं.

तीस झाले. मला काहीतरी म्हणायचं होतं.

“आते बोलू का?” तिनंच विचारलं.

मी मान हलवली. मग खापर कुठून आणलं होतं, पहिलं कुणाच्या हातून फुटलं, नवं घेताना बोटानं वाजवून कसं बघायचं, सगळं सुरू झालं. स्टॉप दाबायचं राहून गेलं. आता पाहिलं, फाइल एकोणीस मिनिटांची आहे. नाव मी आधीच देऊन ठेवलं होतं: शांतता-१.