आप्पांची सुई

ललिता पंचमी

आज टेंबलाईला, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या त्र्यंबोली देवीला, जाऊन आले. दरवर्षी जाते, पण आज टेकडी चढताना सारखं मनात येत होतं, पुढच्या ललिता पंचमीला मी इथं नसणार. व्हिसा लागलेला पासपोर्ट गेल्या आठवड्यात हातात आला. दिवाळीचा पाडवा झाला की तिसऱ्या दिवशी मुंबईहून विमान. श्टुटगार्टजवळच्या एका गावातलं हॉस्पिटल. ज्याच्यासाठी तीन वर्षं घालवली ते समोर आलंय, पण आनंद सलग होत नाही. सकाळी होतो, दुपारी आप्पांची औषधं भरताना कुठंतरी जातो, रात्री परत येतो.

आई बरोबर होती. व्हिसा आल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. भांडत नाही, रडत नाही. ताट वाढते आणि आत जाते. आज गर्दीत पालखीची वाट बघत उभ्या होतो. विजयाच्या सोहळ्याला अंबाबाई बोलवायला विसरली म्हणून त्र्यंबोली रुसली आणि गावाकडं पाठ करून या टेकडीवर येऊन बसली, ही गोष्ट लहानपणी आईनंच सांगितलेली. मग तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः पालखीतून येते, वर्षातून या एका दिवशी. कोहळा फुटला, पोरं तुकड्यासाठी धावली, आणि त्या कालव्यात आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "देवीसुद्धा वर्षातनं एकदा येती भेटायला. तू तेवढं तरी ये."

व्हिसा आल्यापासूनचं तिचं हे सगळ्यात मोठं वाक्य. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही.

अष्टमी, पहाटे

रात्रपाळी संपवून आले. आता अशा फक्त दोन राहिल्या. झोप येत नाही म्हणून लिहिते.

माझ्या फाइलमध्ये एक जर्मन कागद आहे, त्याला ‘डेफिझिटबेशाइड’ म्हणतात. माझं शिक्षण तिथल्या शिक्षणाशी ताडून बघून कुठल्या विषयाचे किती तास कमी पडतात ते त्यात लिहिलेलं असतं. आता तिथं जाऊन एकतर काही महिने देखरेखीखाली काम करत शिकायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. ते होईपर्यंत मी तिथली नर्स नाही, मदतनीस. इथं नऊ वर्षं आयसीयू केलं. रात्री दोन वाजता नवे डॉक्टर विचारतात, सिस्टर, काय करूया? आणि तिथं मी कुणालाही न विचारता सलाईनसुद्धा लावायची नाही. हा कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या नऊ वर्षांपुढं कुणीतरी लाल शाईनं ‘कमी’ असं लिहिल्यासारखं वाटलं. दोन दिवस कुणाला दाखवला नाही.

मग आप्पांना दाखवला. आप्पांनी चाळीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्नमेकर म्हणून काम केलं. सागवानी लाकडातून आधी हुबेहूब भाग कोरायचा, मग फौंड्रीत वाळूत त्याचा साचा घेऊन त्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. त्यांनी तो कागद, एक अक्षर कळत नसताना, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितला. मग कपाटातनं आपली जुनी पट्टी काढली. साध्या पट्टीशेजारी ठेवली की ती जराशी लांब भरते. बीड गार होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न त्या हिशेबानं मोठा करावा लागतो, आणि त्याच्यासाठी ही वेगळी पट्टी. म्हणाले, "गरम असताना माप बरोबर दिसतंय. गार झाल्यावर जे उरतंय तेच खरं माप. तू जरा मोठंच धरून जा. थोडं आकसलं तर कमी पडू नये."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. आता कळतंय असं वाटतं. तिथं गेल्यावर माझं काहीतरी आकसणार आहे. बोलणं तर नक्कीच. इथं मी दहा पेशंटच्या नातेवाईकांना एका दमात समजावते. तिथं एक वाक्य बोलायच्या आधी क्रियापद शेवटी न्यायचं का दुसऱ्या जागी ठेवायचं, हे डोक्यात फिरणार. जर्मन भाषेच्या बी-टू पातळीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं एका झटक्यात सुटलं आणि बोलण्यात मी ५४ वर अडकले. पास व्हायला ६० लागतात. नशीब, राहिलेला एकच भाग परत देता येतो. पुण्याला दुसऱ्यांदा गेले तेव्हा सुटला.

भाषेबद्दल एक लिहून ठेवते. क्लासमधल्या बाकीच्या भाषांच्या मुली ‘डेर, दी, दास’ला वैतागायच्या. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडं तो, ती, ते आहेच की. अडचण एवढीच की वाटण्या वेगळ्या. सूर्य तिकडं बाई आहे. मुलगी ‘दास’, म्हणजे नपुंसकलिंगी, त्याला पुण्याच्या मुली हसल्या, पण आमच्या गल्लीत "ते पोरगं कुणाचं गं?" असंच तर विचारतात. मी बोलताना ‘मी जातो’, ‘मी आलतो’ म्हणते, आमच्याकडं सगळ्याच पोरी म्हणतात. पुण्यात त्याच्यावरून मला इतकं छेडलं की वर्षभर तोंड मिटून ‘जाते, येते’ केलं. जर्मनमध्ये ‘इश गेहे’ (मी जाते किंवा मी जातो) म्हटलं की बाई का पुरुष हे त्या क्रियापदात दिसतच नाही. त्या दोन शब्दांनी मला किती मोकळं वाटलं हे त्या मुलींना कधी सांगता आलं नाही.

नवमी

आज राजीनाम्याची मुदत संपायला दोन दिवस राहिले म्हणून वॉर्डातल्या मैत्रिणींनी चहा दिला. एक जण जिव्हाळ्यानंच म्हणाली, "तिथं जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणार तू?"

हो, घालणार. आपल्याकडं पेशंटला पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक नाहीतर मावशी करतात. गावाकडनं अख्खं घर येऊन कॉरिडॉरमध्ये चटई टाकतं. तिथं ते सगळं नर्सचं काम आहे आणि शिक्षणात धरलेलं आहे. पाठीवर हात फिरवताना कातडी कुठं लाल झालीय ते कळतं, भरवताना गिळायला त्रास होतोय का ते कळतं. मला ते कमी प्रतीचं काम कधीच वाटलं नाही.

पण तिचा प्रश्न घरी येईपर्यंत दुसराच झाला. तिथल्या कुणाच्या तरी वडिलांना मी रोज आंघोळ घालणार, त्यांचे पाय पुसून बोटांच्या मधे जखम आहे का बघणार. आणि आप्पांचे पाय कोण बघणार? सोळा वर्षांचा मधुमेह आहे. गेली सहा वर्षं इन्सुलिन, दोन्ही वेळचं, माझ्या हातनं. माझी रात्रपाळी असली की संध्याकाळचं देऊन जायचं, सकाळी आल्याबरोबर चप्पल काढायच्या आधी इन्सुलिनचं पेन काढायचं. आईला सुई बघवत नाही. दादा पुण्यात, महिन्यातून एकदा येतो.

पैशाचं खोटं बोलत नाही. नऊ वर्षांनी माझ्या हातात महिन्याला २२ हजार पडतात. त्यातले आप्पांच्या औषधाला किती, हे मीच बिलं भरते म्हणून मला माहीत आहे. पहिल्या एजंटानं ४५ हजार घेतले आणि फोन उचलणं बंद केलं, ते आईच्या पाटल्या ठेवून आणलेले होते. तेव्हा मला सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी झालेला एजंट बघायचा असतो एवढंही माहीत नव्हतं. माझ्या मागून येणाऱ्या पोरींना मी ते पहिलं सांगते. पाटल्या सोडवायच्या आहेत, घरावर स्लॅब टाकायचा आहे, हे खरं. पण त्याहून खरं असं की मला शिकायचंय. मला तिथलं आयसीयू आतून बघायचंय. ही इच्छा घरात मोठ्यानं बोलायला मला अजून लाज वाटते. पैशासाठी जाते म्हटलं की सगळे समजून घेतात.

दसरा, रात्री

सोनं द्यायला सगळे आले होते. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. प्रत्येकाच्या हातातलं पान घेताना मी मोजत होते, हे घर शेवटचं, हे घर शेवटचं. असं मोजू नये.

आत्या बोलताबोलता म्हणाली, "आपला राजा गेलता विलायतेला, परत आला न्हाई." खोलीत एकदम शांतता झाली. आई उठून आत गेली.

आत्याचं खोटं नव्हतं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघं २०. आर्नो नदीच्या काठावर त्यांना अग्नी दिला. तिथं आजही त्यांची छत्री आहे आणि जवळच्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ असंच नाव आहे. शाळेत असताना आम्हाला हे सांगितलं तेव्हा मला त्यांच्या मरणापेक्षा दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. ते त्या प्रवासात रोजनिशी लिहीत होते. वीस वर्षांचा पोरगा, घर इतकं लांब, आणि रोज बसून आज काय बघितलं, कुणाला भेटलो ते लिहितोय. मी ही वही गेल्या वर्षी सुरू केली तेव्हा तेच डोक्यात होतं. आत्याला हे सांगणार होते, पण तिचे डोळे भरलेले दिसले. तिला राजाची गोष्ट सांगायची नव्हतीच. तिला ‘जाऊ नको’ म्हणायचं होतं आणि ते तोंडातनं निघत नव्हतं. मी नुसती तिच्या पाया पडले.

आई आत भाजणी चाळत होती. पाडव्यापर्यंत थांबवेना म्हणून चकलीची भाजणी आत्ताच केलीय. पिठाची चाळणी थांबवून विचारलं, "तिथं किती वाजलेले असतात?" म्हटलं, मी पोचेन तेव्हा साडेचार तास मागं. उन्हाळ्यात साडेतीन. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून बोटांवर मोजलं. "म्हणजे आत्ता तिथं दिवे लागायच्या आधीचं," म्हणाली आणि चाळायला लागली.

कोजागिरी

गेले आठ दिवस आप्पांना शिकवतेय. पहिल्या दिवशी "मला न्हाय जमणार" म्हणून पेन टेबलावर ठेवून दिलं. ज्यांनी आयुष्यभर पटाशी चालवली, सूतभर चूक होऊ दिली नाही, त्यांचा हात स्वतःच्या पोटाजवळ आला की थरथरायचा.

मी फ्रिजवर कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात. नवी पेनं फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. चालू पेन बाहेर चाललं तरी चार आठवड्यांवर नको. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी आली तर आधी साखर तपासायची, ७० च्या खाली असली तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. शेजारच्या वहिनींनी तो कागद मोबाइलवर काढून नेला. त्या म्हणाल्या, मी रोज संध्याकाळी डोकावेन. डोकावतील. पण त्यांना त्यांचं घर आहे.

आज दूध आटवायला ठेवलं होतं, आप्पांसाठी वेगळं, बिनसाखरेचं. जेवायच्या आधी अर्धा तास आप्पांनी मला हाक मारली नाही. मी आपणहून बाहेर आले तर ते खुर्चीत बसलेले, चष्मा नाकावर, पेन दोन्ही तळव्यांमध्ये धरून सावकाश फिरवत होते. त्यातलं औषध गढूळ एकसारखं होईपर्यंत फिरवायचं असतं, झटकायचं नाही. ते मी सांगितल्यापेक्षा जास्त वेळ फिरवत राहिले, लाकडाचा रंधा मारलेला भाग उजेडात फिरवून बघावा तसे. नवी सुई बसवली. दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब आला का बघितलं. मग डोस फिरवला, आकड्याजवळ डोळा नेऊन परत तपासला. सदरा वर केला. बेंबीपासून दोन बोटं सोडली, कालची जागा टाळून डावीकडं सरकले.

हात थरथरला. सुई कातडीजवळ येऊन थांबली. माझा हात आपोआप पुढं गेला.

"हात मागं घे," आप्पा म्हणाले.

मी घेतला. त्यांनी सुई टोचली, बटण दाबलं आणि सुई आत ठेवून मोजायला लागले. दहापर्यंत मोजायचं असतं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, तीही मोजत होती.