मान वर करून

इंग्लंडच्या पूर्व भागात, म्हणजे नॉर्फक, सफक आणि केंब्रिजशायरच्या सपाट मुलखात, जुनी चर्चेस पाहत हिंडायचं तर चांगल्या बुटांपेक्षा चांगली मान लागते. एकट्या नॉर्फकमध्येच मध्ययुगीन चर्चेस साडेसहाशेच्या आसपास. शेतांमधून गारगोट्यांच्या भिंतीचा एखादा मनोरा दिसतो, आपण गाडी थांबवतो, जड दार ढकलतो. आत बाकं, गुडघे टेकायला गावातल्या बायकांनी भरतकाम केलेल्या उशा, जुन्या पुस्तकांचं टेबल आणि छताच्या दुरुस्तीसाठी दानपेटी. मग नजर वर जाते आणि तिथेच अडकते.

याला कारण आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात इथे मूर्तिपूजा न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या मूर्तिभंजनाच्या लाटा आल्या, आणि मोडतोड करणाऱ्यांचे हात जिथवर पोचले तिथवरचं बहुतेक सगळं गेलं. शिडी लावायचा कंटाळा कुणी केला असेल, त्याचे आपण आभारी आहोत.

केंब्रिजशायरमधल्या इलीच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये, हे फार स्पष्ट दिसतं. तिथल्या लेडी चॅपलच्या, म्हणजे मेरीमातेच्या प्रार्थनागृहाच्या, भिंतींवर कोनाड्यांची नाजूक नक्षी आहे आणि त्यातल्या चिमुकल्या मूर्तींना डोकी नाहीत. १५४१ मध्ये तिथल्याच बिशपांनी मूर्ती नष्ट करायचा हुकूम काढला होता. रंगीत काचाही गेल्या, त्यामुळे आज तिथे लख्ख उजेड असतो. त्या उजेडात वर पाहावं तर छतावरचं कोरीवकाम बरंचसं शाबूत!

इलीचं मुख्य आश्चर्यही वरच आहे. १३२२ मध्ये मधला मनोरा कोसळला. त्या भगदाडावर पुन्हा दगडी मनोरा न चढवता त्यांनी अष्टकोन उभारला आणि त्यावर लाकडी कंदील, म्हणजे उजेड आत सोडणारा खिडक्यांचा मनोरा, बसवला. इतक्या लांबीची ओकची झाडं शोधायलाच किती रानं पालथी घातली असतील! खालून सगळं दगडाचं वाटतं. ते लाकूड आहे यावर माझा अजूनही पुरता विश्वास बसत नाही.

नॉर्फकमधल्या नॉरिचच्या कॅथेड्रलमध्ये तर मानेची परीक्षाच. १४६३ मध्ये वीज पडून लाकडी छत जळालं, म्हणून पुढे दगडी छत झालं. त्याच्या कमानी जिथे जुळतात तिथे कोरीव, रंगवलेले गड्डे आहेत. त्यांना बॉस म्हणतात. साऱ्या इमारतीत मिळून ते हजारावर भरतात. बायबलमधली नोहाची नाव आहे, तांबड्या समुद्रात बुडणारा इजिप्तचा राजा फॅरो आहे, पण जमिनीवरून ते सुपारीएवढे दिसतात. म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी थेट कॅथेड्रलमध्येच जत्रेतली उंच गोल घसरगुंडी उभी केली: वर चढा, गड्डे जवळून पाहा, घसरत खाली या. टीका झालीच. पण एका बिशपांनी त्या घसरगुंडीवर बसूनच प्रवचन दिलं आणि मग खाली घसरले. मला ही कल्पना बेहद्द आवडली. कोरणाऱ्यांनी इतका जीव ओतून जे केलं ते बघायला कुणीतरी वर चढलं, यात देवाचा काय अपमान?

सफकमध्ये ब्लायथबर्गच्या चर्चच्या तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. विल्यम डाउसिंग नावाचा मूर्तिभंजक गृहस्थ १६४४ मध्ये इथे आला होता. काय काय फोडलं याची तो रोजनिशी ठेवायचा. अशी चोख नोंद ठेवणारा कारकून सरकारला मिळता तर! इथले देवदूत काढायला त्याने सांगितलं, पण ते वरच राहिले. त्यांच्या अंगात शिशाचे छर्रे सापडले तेव्हा बोट त्याच्याचकडे गेलं. चर्चच्या जमाखर्चात मात्र अठराव्या शतकात कावळ्यांच्या जातीचे जॅकडॉ पक्षी मारण्यासाठी दिलेल्या पैशांची नोंद आहे, आणि छर्रेही त्याच काळाचे निघाले. डाउसिंग या एका गुन्ह्यातून सुटला.

त्याच चर्चच्या उत्तरेकडच्या दारावर काळपट डाग आहेत. १५७७ च्या ऑगस्टमध्ये वादळात काळा सैतानी कुत्रा आत घुसला आणि जाताना त्याचे पंजे दारावर उमटले, अशी गोष्ट सांगतात. मेणबत्त्यांनी भाजल्याचे डाग असावेत असं जाणकार म्हणतात. गंमत अशी की हे डाग अगदी हाताच्या टप्प्यात आहेत. खालचे संत गेले; सैतानाची खूण तेवढी दारावर राहिली, आणि येणारा प्रत्येक जण तिच्यावर बोट ठेवून फोटो काढतो. मीही काढला.