तुम्ही विचारलेत म्हणून : तेच उतारे पुन्हा पुन्हा कशाला?

“दरवर्षी तेच उतारे वाचून तुम्हाला कंटाळा येत नाही का?” आमच्या चर्चमध्ये रविवारी बायबलमधले उतारे ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वाचतात, त्यावरून हा प्रश्न मला विचारणारे लोक दोन प्रकारचे आहेत. इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनींनी तो पहिल्यांदा विचारला, तेव्हा त्यांच्या मांडीवर चातुर्मासाची पोथी उघडी होती. श्रावणातल्या ज्या कहाण्या तोंडपाठ आहेत त्यासुद्धा पोथीत बघूनच वाचायच्या, हा त्यांचा नेम मी तीस वर्षे पाहत आले आहे, त्यामुळे प्रश्न विचारून झाल्यावर त्यांना स्वतःलाच हसू आले. दुसऱ्या प्रकारचे लोक हसत नाहीत. ते आमच्याच समाजातले, बहुतेक तरुण असतात, आणि त्यांचे म्हणणे असे की देवाचे वचन जिवंत आहे, तर मग तारीखवार तक्ता लावून ते वाचणे म्हणजे रेशनच्या रांगेत उभे राहण्यासारखे आहे. मनाला ज्या दिवशी जे हवे ते त्या दिवशी उघडावे. त्यांना आजवर मी उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर घाईघाईने काहीबाही सांगून वेळ मारून नेली आहे. आता जरा सविस्तर सांगते.

आधी तक्त्याविषयी. प्रत्येक रविवारी चार वाचने असतात: बहुधा जुन्या करारातला एक उतारा, एक स्तोत्र, पत्रांपैकी एखाद्या पत्राचा भाग आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेल्या येशूच्या चरित्रांपैकी एकाचा भाग. हे चक्र तीन वर्षांचे असते. पहिले वर्ष मत्तयाचे, दुसरे मार्काचे, तिसरे लूकाचे. योहानाला स्वतःचे वर्ष नाही, तो तिन्ही वर्षांत, विशेषतः ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरनंतर, मधूनमधून येतो. इसवी सनाच्या आकड्याला तीनने निःशेष भाग गेला की ते वर्ष लूकाचे, हा हिशेब मी शब्बाथशाळेतल्या मुलांना शिकवते आणि तो त्यांना वचनांपेक्षा जास्त आवडतो. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळचा, तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार, आणि तोच आमचा पाडवा. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये असा तक्ता प्रसिद्ध केला, त्याच्या आधारे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मिळून आपला तयार केला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १९९२ मध्ये आली. म्हणजे प्रश्नातले ‘दरवर्षी’ काटेकोरपणे पाहिले तर खरे नाही. पण तो मुद्दा मी ताणणार नाही, कारण माझ्या हाती हा तक्ता आता नवव्यांदा फिरत आहे आणि कोणता उतारा केव्हा येणार हे मला पंचांग न बघता सांगता येते.

माझे आजोबा अहमदनगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. इंदूरला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन लोकांनी १८७७ मध्ये काम सुरू केले होते; त्यांच्या शाळेत नोकरी मिळाली म्हणून आजोबा इकडे आले आणि इकडचेच झाले. तेव्हापासून आमच्या घरी एक गोष्ट चालत आली आहे: चर्चमध्ये हिंदी, घरी मराठी. रविवारी सकाळी जो उतारा हिंदीत ऐकायचा तोच संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी मराठी बायबलमधून पुन्हा वाचायचा. आईचे बायबल काळ्या पुठ्ठ्याचे, पाठीला दोनदा कापडी पट्टी चिकटवलेले, आणि तिची सवय अशी की उतारा वाचून झाला की समासात बारीक पेन्सिलीने तारीख टाकायची, क्वचित एखादा शब्द. आई गेल्यावर ते बायबल माझ्याकडे आले. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायापाशी तिने लिहिले आहे: ‘९-१२-८४ भोपाळ’.

१९८४ मध्ये आगमनकाळाचा पहिला रविवार २ डिसेंबरला आला होता, आणि त्याच रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. माझी मावशी तिथे राहत होती. फोन लागत नव्हता, जाऊन आलेले लोक सांगत ते ऐकवत नव्हते, आणि ९ तारखेच्या रविवारपर्यंत तिचा काहीही पत्ता नव्हता. त्या काळी आई तिच्या शाळेतल्या एका कॅथलिक बाईंनी दिलेल्या दिनदर्शिकेवरून वाचीत असे. मार्काचे वर्ष सुरू झाले होते आणि त्या वर्षी दुसऱ्या रविवारी यशयाचा हा अध्याय येतो. “सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा.” मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला तिचा राग आला होता. घरात अशी अवस्था असताना आजचा उतारा आहे म्हणून हाच वाचायचा, याला काय अर्थ? आईने वाचला. हिंदी बायबलमध्ये याच ठिकाणी ‘शांती दो’ आहे, त्यावर ती एवढेच म्हणाली की शांती कोणी लांबूनही चिंतील, पण सांत्वनाला जावे लागते. बुधवारी मावशीचे पत्र आले. पुढच्या आठवड्यात आई भोपाळला गेली, ती महिनाभर परत आली नाही, आणि त्या वर्षीचा नाताळ आम्ही तिच्यावाचून केला.

त्या रविवारी आईला वचन निवडायला सांगितले असते, तर तिने तेविसावे स्तोत्र काढले असते, कारण तिचे ते आवडते होते आणि दुःखात माणूस ओळखीच्या जागी जातो. मीही तेच करते. मनाला हवे ते उघडायचे ठरवले तर माझे बायबल चार-पाच ठिकाणीच उघडते. तिथली पाने मळून पिवळी झाली आहेत आणि आमोस, हबक्कूक या संदेष्ट्यांची पाने अजून कोरी करकरीत आहेत. तक्ता मला विचारत नाही, त्यामुळे मी जिथे आपणहून गेले नसते तिथे तो मला नेऊन उभे करतो. बाजारात केक आणि कागदी चांदण्या टांगल्या जात असतात, आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्यापुढे उतारा येतो तो बाळ येशूचा नव्हे, तर जगाच्या अंताचा. मंडळीतल्या निम्म्या लोकांना तो अजूनही तक्त्यातला छापखान्याचा दोष वाटतो.

कधी तक्ता अगदीच फसतो, हेही सांगितले पाहिजे. मार्काच्या वर्षी ऑगस्टअखेरीस गीतरत्नातला उतारा येतो: हिवाळा संपला, पाऊस सरून गेला, भूमीवर फुले दिसू लागली. पॅलेस्टाईनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे तिथे ते बरोबरच आहे. इंदुरात त्या दिवसांत पन्हाळी गळत असते, वाळत घातलेले कपडे चौथ्या दिवशीही दमट असतात, आणि ‘पाऊस सरून गेला’ हे वाक्य छत्री मिटता मिटता ऐकताना मंडळीत खसखस पिकते.

उलट २०२४ मध्ये रंगपंचमी ३० मार्चला आली आणि तोच आमचा पवित्र शनिवार होता, म्हणजे शुभ शुक्रवार आणि ईस्टर यांच्यामधला, ज्या दिवशी काहीच घडत नाही असा दिवस. इंदूरची रंगपंचमी ज्याने पाहिली नाही त्याला तिची कल्पना द्यायची तर एवढेच सांगते की राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा टँकरवरच्या यंत्रांतून रंग चौथ्या मजल्यापर्यंत उडतो आणि ढोलांचा आवाज आमच्या घरातल्या भांड्यांना समजतो. मी खिडक्या लावून ईयोबाचा चौदावा अध्याय काढून बसले होते. झाड तोडले तरी त्याला पुन्हा धुमारे फुटतील अशी आशा असते, पण माणूस मेला म्हणजे कोठे जातो, असे ईयोब विचारतो, आणि त्या दिवशीच्या वाचनात त्याला उत्तर मिळत नाही. तेवढ्यात नातू नखशिखान्त भिजून आला आणि “आजी, काय वाचतेस?” म्हणत त्याने पानावर बोट ठेवले. ते गुलाबी बोट अजून तिथे आहे, सातव्या वचनावर, थोडेसे आठव्यावर पसरलेले. दुसऱ्या दिवशी ईस्टरला मार्काचा शेवट वाचला. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच थांबतो: स्त्रिया रिकाम्या कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना भीती वाटत होती. बाहेर रस्ते अजून लाल-हिरवे होते. शनिवारचा प्रश्न मनात ताजा नसता, तर त्या भीतीकडे माझे लक्ष गेले नसते.

पण ज्या रविवारविषयी मी सर्वांत जास्त विचार केला आहे, तो २३ जुलै २०२३ चा. मत्तयाचे वर्ष होते, वाचनाची पाळी माझी होती, आणि शनिवारी सकाळी मी ओसरीत मोठ्याने सराव करीत होते. आमचे दूधवाले भैया सांवेरकडचे, घरची थोडी शेती असलेले. दूध मापून झाले तरी ते उभेच राहिले. उतारा येशूने सांगितलेल्या निदणाच्या, म्हणजे तणाच्या, दाखल्याचा होता, हिंदीत ‘जंगली बीज’: शेतात गव्हाबरोबर निदण उगवते, चाकर म्हणतात उपटून टाकू का, आणि मालक म्हणतो नको, गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. जुलै महिना म्हणजे माळव्यात सोयाबीनच्या कोळपणीचे दिवस. भैया म्हणाले, “ऐसा मालिक हो तो खेत गया समझो।” मी सांगितले की हे गव्हाच्या शेतातले आहे. मग त्यांनी जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा बदलला. गव्हात एक गवत येते, त्याला ‘गेहूँ का मामा’ म्हणतात, ते म्हणाले. लोंबी धरेपर्यंत ते आणि गहू एकमेकांसारखेच दिसतात, नवा गडी निंदायला लावला तर तो गहूच उपटून बांधावर टाकतो. “तब तो मालिक समझदार है,” असे म्हणून त्यांनी किटली उचलली. निदणासाठी मूळ ग्रीकमध्ये असलेल्या ‘झिझानिया’ या शब्दाचा अर्थ अभ्यासकही गव्हासारखे दिसणारे गवत असाच करतात, हे मी पुस्तकात कितीदा वाचले होते; पण त्या मालकाच्या सांगण्यात हिशेब होता हे मला ओसरीतच कळले.

त्याच रविवारी वाचायचे स्तोत्र होते एकशे एकोणचाळिसावे: प्रभू, तू मला पारखले आहेस, माझे बसणे-उठणे तू जाणतोस. तक्त्यात लिहिले होते १ ते १२ आणि २३-२४. मधली वचने गाळलेली. त्यातली १३ ते १८, आईच्या उदरात देवाने मला घडवले ती, इतर रविवारी येतात. पण १९ ते २२ ही चार वचने, जिथे स्तोत्रकर्ता दुष्टांना मारून टाक असे देवाला सांगतो आणि मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो असे म्हणतो, ती तीन वर्षांच्या रविवारच्या तक्त्यात कधीच येत नाहीत. ज्या दिवशी निदण उपटू नका हे वाचायचे, नेमक्या त्याच दिवशी तक्ता करणाऱ्यांनी स्तोत्र मात्र निंदून ठेवले होते. मंडळीसमोर ती वचने वाचणे अवघड आहे हे मला समजते. तरीही हे मला पटलेले नाही. मी तक्त्याची बाजू घेते म्हणून तक्ता करणारी माणसे चुकत नाहीत असे मी म्हणत नाही, आणि तरुणांच्या आक्षेपात काही तथ्य असेल तर ते इथे आहे.

त्या संध्याकाळी घरी मराठीतून वाचताना मी ते स्तोत्र सलग वाचले. पहिल्या वचनांपाशी समासात आईच्या सात-आठ तारखा आहेत, एकीखाली एक. एकोणिसाव्या वचनापासून बाविसाव्यापर्यंत तिने पेन्सिलीची एक उभी रेघ ओढली आहे. रेघ दाबून ओढलेली आहे, मागच्या पानावर तिचा वळ उमटला आहे, आणि तिच्यापुढे तारीख नाही.