घाटात दम सोडणारी एमजी

१९५१ची एमजी टीडी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १२५० सीसी, एसयू कंपनीचे जुळे कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे), ५४ हॉर्सपॉवर. सपाटीला छान पळायची. जुन्या कात्रज घाटात मात्र तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा चढ झाला की दम सोडायची. जरा वेळ कडेला थांबवली की पुन्हा ठणठणीत. माझ्याकडे येईपर्यंत कॉइल, कंडेन्सर, प्लग, वायरी सगळं नवीन बसवून झालं होतं. एका गॅरेजने तर "इंजिन उतरलंय, बोअर करावं लागेल" म्हणून गाडीचे मालक असलेल्या काकांच्या हातात एस्टिमेटही ठेवलं होतं. बोअर म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करणं.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते, मोजलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे आणि चांगले. एवढी साधी तपासणी न करता लोक बोअरचं एस्टिमेट कसं देतात, याचा मला अजून राग येतो.

मग काकांना शेजारी बसवून घाट गाठला. इग्निशनचा दोष असला की गाडी बहुधा झटके देते. ही गुपचूप मंदावत होती. चोक ओढला की एसयूचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, खाली सरकतो आणि पेट्रोल वाढतं. तसं करताच इंजिनाने थोडी उचल खाल्ली. पुन्हा ढेपाळायला लागल्याबरोबर क्लच दाबला, इग्निशन बंद केलं, गाडी कडेला घेतली आणि तिथेच प्लग काढले. आयडलवर गॅरेजपर्यंत आणून प्लग बघण्यात अर्थ नसतो, घाटातली खूण तोवर पुसलेली असते. फिके तपकिरी असायला हवेत ते चुन्यासारखे पांढरे निघाले. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं.

टीडीचा टाकीतून पेट्रोल ओढणारा इलेक्ट्रिक पंप बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर (फायरवॉलवर) असतो. हवा ओढत असेल तर तो भराभर टिकटिकतो, ओढायची वाट अडली तर टिकटिक रेंगाळते. कार्बोरेटरकडची नळी सोडून बरणीत धरली. जाड धार आली. आधीच्यांनी एवढंच पाहून "पेट्रोल येतंय" म्हणून सोडून दिलं असावं. मी पंप चालूच ठेवला. हळूहळू धार बारीक झाली, टिकटिक रेंगाळली. पंपाला टाकीऐवजी कॅनमधून पेट्रोल दिलं, तर धार शेवटपर्यंत जाड.

दोष मागच्या बाजूला होता. टाकीजवळ कोणीतरी मूळ पाइप कापून वीतभर रबरी होज घातली होती. बाहेरून नवीकोरी, ना भेग ना ओल. ब्लेडने उभी चिरली, तर आतला थर फुगून सुटलेला. पेट्रोलची ओढ वाढली की तो पापुद्रा वाट बंद करायचा, ओढ थांबली की मागे सरायचा. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यापुढे साधं रबर टिकत नाही. जुन्या गाड्यांच्या मालकांना हे कोणी नीट सांगत नाही, आणि दुकानदार कुठलीही होज 'पेट्रोलची' म्हणून विकतात.

पाइप नवीन घातला, जोडाला इथेनॉल सोसणारी होज लावली. पंपाच्या जाळीत रबराचा काळा चुरा साठला होता, तोही काढला. काका स्वतः गाडी चालवत बोगद्यापर्यंत चढले, तिसऱ्याच गिअरमध्ये.

त्या एस्टिमेटला काका जवळजवळ हो म्हणाले होते. या ब्लॉकमध्ये आधीच ओव्हरसाइज पिस्टन आहेत, म्हणजे बोअर आधी झालेलं आहे. आणखी एकदा बोअर झालं असतं, पुढच्या वेळी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळकांडी, घालावे लागले असते, आणि गाडी कात्रजला तशीच थांबली असती.