बाहेर ट्रक उभा आहे असं वाटलं, तो ऑर्गन होता

सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराची तिसरी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना), जिला सगळे ऑर्गन सिंफनी म्हणतात ती, मी कितीतरी वर्षं चुकीच्या पद्धतीने ऐकत होतो. म्हणजे लावायची आणि सरकवत सरकवत थेट शेवटच्या भागात जायचं, जिथे ऑर्गन (चर्चमधला मोठ्या पाइपांचा, आपल्या नाटकातला नव्हे) एकटाच सी मेजरचा तो दणदणीत कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक सूर, मारतो. अंगावर काटा आला की बंद.

मग एकदा मित्राकडे मोठ्या स्पीकरवर पहिल्यापासून ऐकली. सुरुवातीची दहाएक मिनिटं ऑर्गन नाहीच, नुसती व्हायोलिनची धावपळ, मग सगळं शांत होतं आणि मला वाटलं बाहेर कोणीतरी ट्रक चालू ठेवून उभा केलाय. मित्राला म्हणालो पण तसं. तो हसला, म्हणाला अरे तो ऑर्गन आहे.

इतका हळू येतो तो! वर व्हायोलिनवाले संथ धून वाजवतायत आणि खाली हा नुसता सतरंजी अंथरल्यासारखा. सँ-साँसने स्वतः पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये वीसेक वर्षं ऑर्गन वाजवलेला, त्यामुळे त्याला माहीत होतं की ऑर्गनला ओरडायची गरज नसते. 1886 साली लंडनला पहिला प्रयोग झाला, तो त्याने स्वतःच कंडक्ट केला.

मोबाईलवर हे सगळं ऐकूच येत नाही, कारण साधं आहे. मोठ्या ऑर्गनचा 32 फुटी पाइप सेकंदाला जेमतेम 16 कंपनं देतो आणि आपला कान साधारण 20 च्या खाली सूर म्हणून काही पकडत नाही. मग ते पोटात कळतं, खुर्चीत कळतं, खिडकीच्या काचेत कळतं.

अजून एक गंमत म्हणजे ऑर्केस्ट्राला ऑर्गनच्या सुरात लावून घ्यावं लागतं, उलटं शक्यच नाही, हजारो पाइप कोण बदलत बसणार. त्यात हॉल तापला की पाइपांचा सूर वर सरकतो, म्हणजे रिहर्सलला जुळलेलं रात्री परत जुळवा. कंडक्टर बॅरनबॉइमच्या शिकागो ऑर्केस्ट्राबरोबरच्या रेकॉर्डिंगमध्ये तर ऑर्गन फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचा आहे, वेगळा रेकॉर्ड करून नंतर मिसळलेला! ऐकायला भारी वाटतं, पण मला ते जरा चीटिंग वाटतं, एकाच हवेत श्वास घेत नाहीयेत असं. त्यापेक्षा कंडक्टर म्युन्शचं बोस्टन ऑर्केस्ट्राबरोबरचं 1959 चं रेकॉर्डिंग, तेच मी लावतो.

पूलांक या दुसऱ्या फ्रेंच संगीतकाराचा 1938 चा ऑर्गन कॉन्चेर्टो (ऑर्गन मुख्य, बाकीचे साथीला) बरोबर उलटा, पहिल्याच सेकंदाला ऑर्गन अंगावर येतो. सोबत फक्त स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं) आणि टिंपनी (मोठे नगारे), फुंकून वाजवायचं एकही वाद्य घेतलेलं नाही, आणि घेईल कशाला, ऑर्गन म्हणजे अख्खा फुंकवाद्यांचा कारखानाच. पूलांक काही ऑर्गनवाला नव्हता, कुठले स्टॉप (कुठले पाइप वाजणार ते ठरवणारे खटके) ओढायचे हे ठरवायला द्युरुफ्ले या ऑर्गनवादकाने मदत केली.

पण परत सँ-साँसवर येतो, कारण माझा प्रॉब्लेम सुटलेला नाही. तो हळू ऑर्गन ऐकू यावा म्हणून आवाज वाढवावा लागतो आणि मग वीसेक मिनिटांनी तो सी मेजर येतो. मागच्या आठवड्यात कमी करायला विसरलो, वरच्या मजल्यावरून माणूस खाली आला. आता हेडफोन लावतो. ऐकू सगळं येतं, पण पोटात काहीच होत नाही.