आंबो, होडी, खुर्ची

मी मनोविकारतज्ज्ञ. मालवणात आठवड्यातून एक दिवस ओपीडी. आषाढात, मासेमारी बंद असताना, एक सून सासऱ्यांना घेऊन आली. सत्तरी ओलांडलेले रापणकर, म्हणजे रापण हे मोठं जाळं समुद्रात टाकून किनाऱ्यावरून ओढणारे. रापणीत कोणाचा किती वाटा, हे वही न उघडता सांगणारा माणूस. आता जेवलो की नाही, तेही सांगेना. दोन महिन्यांत एवढी घसरण. कोणीतरी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) म्हणून सांगितलं होतं, आणि पहिली पाच मिनिटं मीही तेच धरून चाललो होतो.

तीन शब्द दिले: आंबा, होडी, खुर्ची. थोड्या वेळाने विचारले. "माका म्हायत नाय." आज वार कुठला? "म्हायत नाय." प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. इथे मी थबकलो. डिमेन्शियाचा पेशंट सहसा झाकून नेतो, काहीतरी ठोकून देतो. हे आजोबा प्रयत्नच करत नव्हते. "पाण्यात चालता" म्हटल्यावर मात्र पुटपुटले, "होडी."

थायरॉइड, बी-१२, सोडियम ठीक निघालं. नैराश्य धरून एस्सिटालोप्राम सुरू केलं, ५ मिलिग्रॅम.

दहाव्या दिवशी मुलाचा फोन: "काय एक फरक नाय. बंद करू?"

"रापण टाकल्याबरोबर ओढतास काय?" मी म्हटलं. मेंदूत निरोप पोचवणारं रसायन सेरोटोनिन कमी म्हणून उदास, हे टाकी भरण्याचं गणित मी हल्ली सांगत नाही. गोळीने सेरोटोनिन पहिल्याच दिवशी वाढतं. पण ते जिथून येतं त्या मेंदूच्या देठातल्या राफे पेशींवरचे, सेरोटोनिन टिपणारे १ए रिसेप्टर लगेच ब्रेक दाबतात, आणि तो सैल व्हायला आठवडे जातात. आठवणींच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तर आणखी गंमत: १ए रिसेप्टरमुळे मुख्य पेशी शांत होतात, तर ५-एचटी३ या दुसऱ्या सेरोटोनिन-रिसेप्टरमुळे त्यांना आवर घालणाऱ्या काही शेजारपेशी चटकन चेततात. २००३ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसवर क्ष-किरण सोडून नव्या पेशी बनणं थांबवलं, तेव्हा फ्लुओक्सेटिन या त्याच जातीच्या औषधाचा वागण्यावरचा परिणामच दिसेनासा झाला. माणसात असंच घडतं का, यावर वाद आहे. मुलाला यातलं निम्मंच सांगितलं. गोळी चालू राहिली, पुढे १० मिलिग्रॅम केली.

नारळी पौर्णिमेनंतर आजोबा आले, दाढी केलेली. "आता तीन शब्द सांगतो..."

"आंबो, होडी, खुर्ची. गेल्या येळाक पण ह्याच इचारलास."

मी केसपेपर मागे उलटला. बरोबर होतं. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"कंटाळो इल्लो."