काट्यावरचा आकडा

अंबडच्या शेडमध्ये मी 20 वर्षं ट्रॉल्यांचे हूक आणि ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायचं वजन जोडायच्या लोखंडी पट्ट्या, बनवतोय. एप्रिलमध्ये, द्राक्षबागांची खरड छाटणी चालू असताना, निफाडकडचा एक तरुण वडिलांना घेऊन आला. त्याला ट्रॅक्टरने वजन ओढण्याच्या स्पर्धेत उतरायचं होतं. "मिस्तरी, हूक वर टॉप लिंकपाशी करून द्या. मागची चाकं दाबून धरतील."

टॉप लिंक म्हणजे ट्रॅक्टरमागे अवजार जोडायचा वरचा दांडा. पोराचं अर्धं बरोबर होतं. हूक उंच असला की ओढताना पुढचा भार मागे जातो, टायर पकड घेतात. पण पुढे भारच उरला नाही, तर ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहतो आणि क्लच दाबायचं सुचेपर्यंत उलटलेला असतो. मी नाही म्हटलं असतं, तर पोरगा शेजारच्या शेडमध्ये गेला असता. म्हणून दोघांना वजनकाट्यावर नेलं.

फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली. आकडा 820 किलो. मूळच्या ड्रॉबारला, जमिनीपासून 18 इंचांवर, साखळी लावून मागे भरलेला ट्रक ब्रेक लावून उभा केला. पहिल्या लो गिअरमध्ये हळूच ताण दिला. आकडा उतरत 480 वर आला. गेले 340.

"आता हाच ओढा 36 इंचांवरून दिला असं धर," मी म्हटलं. उंची दुप्पट, की घटही दुप्पट. 680 गेले, उरले 140. झटका बसला तर तेही नाहीत. पोराने स्वतः दोनदा हिशेब केला. वडील आकड्याकडे बघत म्हणाले, "मिस्तरी, खालीच लावा."

स्पर्धांमध्ये हुकाला बहुधा 20 इंचांची मर्यादा असते, तेवढीच धरली. 16 मिलिमीटरच्या दोन प्लेटी, मधे पिन. हूक कुठेही हलू नये म्हणून खालून पुढे तिरके आधार. हाउसिंग, म्हणजे ट्रॅक्टरचं मागचं धड, बिडाचं, त्यावर वेल्डिंग केलं की तडा जातो, म्हणून सगळं कंपनीच्याच बोल्टांच्या भोकांत बसवलं. त्यात दोन दिवस गेले, पण अशा कामात घाई मला जमत नाही.

शेवटी पोरगा टेप घेऊन वाकला. मी आधी मागच्या टायरांची हवा तपासायला लावली. हवेवर हुकाची उंची बदलते. हवा भरून पुन्हा मोजलं. 20 इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. तसंच ठेवलं.